उजव्या हाताचा भाला, डाव्या पायाचं बळ

४ ऑगस्ट

आज संस्थेने माझ्या मैदानावर एक शास्त्रज्ञ आणून सोडली. नीलांबरी मॅडम. नगरच्या. वडील संस्कृतचे शिक्षक, आजोबाही शिक्षक, आणि या कुठेतरी लांब जाऊन क्रीडाविज्ञान शिकून आल्या. वय माझ्या थोरल्या मुलीएवढं. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "गहिनीनाथ सर, आता आपल्या पोरांना सायन्सची जोड." म्हणजे इतकी वर्षं देवळाली प्रवरेच्या या मैदानावर मी काय गोट्या खेळलो?

टेम्पोतून सामान उतरलं. एक काळी पाटी आहे. तिच्यावर उडी मारली की कोणत्या पायाने किती जोर लावला ते मोबाईलवर दिसतं. कॅमेरे, त्यांचे तीन पायांचे स्टँड, जड चेंडू. शिपाई म्हणाला, "सर, कुनाच्या लग्नाचं शूटिंग हाय?" मी त्याला दटावलं. मागे वळून हसून घेतलं.

सगळी पोरं त्यांनी तपासावीत, माझी हरकत नाही. सृष्टीला मात्र हात लावायचा नाही. भालाफेकीत ही पोरगी मी घडवली आहे. चार वर्षांपूर्वी तिचे वडील गोरक्षनाथ शेतात उसाची ट्रॉली भरत होते. मी बांधावर उभा. उसातून रानडुक्कर निघालं, तशी हिने एक अख्खा ऊस उचलून पाण्याच्या चारीपलीकडे भिरकावला. डुक्कर वाचलं, मला भालाफेकपटू मिळाली. आता अठरा वर्षांची आहे, जिल्ह्यात तिच्या जवळपास कोणी नाही. दसऱ्यानंतर विभागीय स्पर्धा, तिथून राज्य. यंदा ती राज्यावर सोनं घेणार, हे मी लिहून ठेवतो.

८ ऑगस्ट

मॅडम काही शिकवत नाहीत, नुसत्या विचारतात. तरुण माणसाला अनुभव नसतो, विचारणारच. आज म्हणाल्या, "सर, सृष्टी डावखुरी आहे का? पाण्याची बाटली, दप्तर, सगळं डाव्या हातात असतं."

मी सांगितलं, उजवा हात ती भाल्यासाठी राखून ठेवते. खेळाडूला अशी शिस्त लागते.

"तुम्ही सांगितलंय तिला तसं?"

तसं मी सांगितल्याचं आठवत नाही. पण चांगल्या गुरूच्या पोरांना काही गोष्टी न सांगता कळतात. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि बराच वेळ सृष्टीकडे पाहत राहिल्या. पाहू देत. चांगला खेळाडू पाहूनही शिकता येतं.

१३ ऑगस्ट

आज मी त्यांना एक गोष्ट दाखवून दिली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

मॅडमनी सृष्टीच्या फेकीचं चित्रण केलं होतं, अगदी संथ गतीने चालणारं. मला म्हणाल्या, "सर, मला काहीतरी खटकतंय, नक्की सांगता येत नाही. तुम्हाला काय दिसतं?" मी पहिल्यांदा हात पाहिला. हात उत्तम. त्या म्हणाल्या, पुन्हा लावू? पुन्हा पाहिलं. चित्रण नेमकं डावा पाय जमिनीला टेकतो तिथूनच सुरू होत होतं, त्यामुळे मला चटकन सापडलं. फेकताना तिचा डावा गुडघा वाकतो! पुढे टाकलेला पाय ताठ उभा राहायला हवा, तर तो ओल्या मातीत रुतल्यासारखा खाली बसतो.

मी मॅडमना समजावून सांगितलं. सायकल जोरात असताना पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे उडतो. धावत येऊन डावा पाय रोवायचा तो याच्यासाठी. ब्रेक लागला की धावण्याचा सगळा जोर कंबरेतून, खांद्यातून भाल्यात जातो. ब्रेकच लागला नाही तर सगळं काम बिचाऱ्या हाताने करायचं.

"म्हणजे कोपरावर ताण येत असेल का, सर?" त्यांनी विचारलं.

येत असणार, मी म्हटलं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. फार आभार मानले त्यांनी.

१९ ऑगस्ट

काळ्या पाटीवर सृष्टीच्या उड्या घेतल्या. एकेका पायावर. डावा पाय उजव्यापेक्षा बराच कच्चा निघाला. माझं निदान यंत्रानेही कबूल केलं.

आता काही आठवडे पूर्ण धाव घेऊन फेकायचं नाही. जागेवरून हलक्या फेकी, जड चेंडू, आणि डाव्या पायाची कसरत. मॅडमनी योजना लिहून आणली होती, मी सही केल्यासारखी मान हलवली. सृष्टी म्हणाली, "सर, भालाच न्हाई फेकायचा?" पण तोंडावर नाराजी नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसली. कंटाळली असेल, पोरांना बदल आवडतो.

२ सप्टेंबर

अंतर घटलं.

लिहायला नको वाटतं, पण दैनंदिनीशी खोटं बोलून उपयोग नाही. आज थोडी धाव घेऊन फेकायला दिलं, तर सृष्टीचा भाला गेल्या वर्षीच्या खुणेच्याही अलीकडे पडला. डावा पाय रोवायच्या नादात तिचा सगळा ताल मोडलाय. मॅडम म्हणतात, जुनी सवय मोडताना असंच होतं, आधी खाली जातं, मग वर येतं. पुस्तकात येत असेल वर.

संध्याकाळी गणपतीच्या आरतीला गोरक्षनाथ भेटले. बाजूला घेऊन म्हणाले, "सर, लोकं इचारत्यात. पोरगी मागं चाललीया का?"

"पुढची उडी घ्यायला माणूस दोन पावलं मागे जातो," मी म्हटलं.

ते म्हणाले, "तुमी म्हनताय म्हंजी खरंच." त्या माणसाचा माझ्यावर इतका विश्वास आहे की प्रसाद घेताना माझाच हात जड झाला.

शाळेच्या फाटकावर आप्पासाहेबांनी फ्लेक्स लावलाय. सृष्टी भाला घेऊन उभी, खाली 'सुवर्णकन्या'. शेजारी आप्पासाहेब, तिच्यापेक्षा मोठे.

१४ सप्टेंबर, रविवार

मॅडम सुट्टीला नगरला गेल्या आहेत. सकाळी सृष्टीला मैदानावर बोलावलं. म्हटलं, आज विज्ञान नको. आज माझ्या सृष्टीसारखं फेक.

ती म्हणाली, "मॅडम न्हाई म्हनल्यात ना सर?"

"मॅडमना मी बघतो."

पहिल्या फेकी बेताच्या. मी म्हटलं, अंगात जीव नाही का? मग तिने अशी फेक केली की मी जागेवरून ओरडलो. भाला खुणेच्या पार पलीकडे जाऊन रुतला. आजवरची सर्वांत लांब फेक! पळत जाऊन मीच भाला उपटून आणला. पाहतो तर पोरगी नाही. नळावर गेली होती. बराच वेळ पाणी सोडून उभी होती, हात धुवत. तोंड धुऊन आली तर डोळे लाल. आनंदाने रडली असणार. मलाही भरून आलं होतं.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "रडली? आणि तुम्ही विचारलं नाही का?" बायकांना प्रत्येक गोष्टीत विचारायचं असतं.

१६ सप्टेंबर

काल सृष्टी आली नाही. आज आली ती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून, या उकाड्यात. मॅडमनी जवळ बोलावून बाही वर केली. कोपर आतल्या बाजूने सुजून लाल. हात सरळ होईना.

"काय केलंस?"

सृष्टीने बाही खाली ओढली. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणून मीच सांगितलं, रविवारी मी फेकायला लावलं.

आजवर मॅडमनी मला फक्त प्रश्न विचारले होते. आज विचारलं नाही. सगळ्या पोरांना लांब पाठवलं आणि म्हणाल्या, "सर, हिचं कोपर आधीपासून दुखतंय असा मला पहिल्या आठवड्यापासून संशय होता. मी विचारलं तर ती नाही म्हणते. म्हणून मी जोराची फेक थांबवली होती. तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तुमचा मान राखायला गेले. पण तुम्ही मला न विचारता हे करायला नको होतं. हा हात तिचा आहे. तुमचा नाही आणि माझाही नाही."

मला बोलायचं खूप होतं. तीस वर्षांचा अनुभव, कुठे काय जिंकलं, सगळं ओठांवर आलं. बोललो एवढंच, "गाडी कोणाची न्यायची? नगरला दाखवून आणू."

१८ सप्टेंबर

एमआरआय झाला. कोपराच्या आतला लिगामेंट ताणलाय, काही धागे तुटलेत, पूर्ण तुटलेला नाही. डॉक्टर म्हणाले, अशी आणखी एखादी फेक झाली असती तर ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि नंतर भाला धरता येईलच असं कोणी सांगितलं नसतं. आता विश्रांती, मग व्यायाम. विभागीय स्पर्धा विसरा.

परत येताना गाडीत पुढे गोरक्षनाथ, मागे मी आणि सृष्टी. राहुरी आली. मग मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"उन्हाळ्यापासनं."

उन्हाळ्यात मी तिला रोज पाहत होतो.

"मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगनार सर? तुमीच म्हनता, कुरकुर करतो त्यो खेळाडू न्हाई. मी म्हनलं, सर मला खाली बसवतील. मंग मी कोन ऱ्हानार?"

पुढच्या सीटवरून गोरक्षनाथ म्हणाले, "आगं, माझी पोरगी ऱ्हाशील की." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आज एवढंच लिहवतं.

२२ सप्टेंबर

आप्पासाहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "एक इंजेक्शन मारा आणि उतरवा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. गावभर फ्लेक्स लागलेत."

"फ्लेक्स मी उतरवतो," मी म्हटलं. "पोरगी खेळणार नाही."

"सर, तुम्हीच तर म्हणत होता सोनं आणणार."

"म्हणत होतो. आणेलही. यंदा नाही."

"मग ती यंत्रं आणि त्या मॅडम कशाला आणल्या आपण?"

"हे सांगायलाच आणल्या, आप्पासाहेब. त्यांचं ऐकायचं नसेल तर टेम्पो बोलवा, सामान भरतो. त्यात माझी शिट्टीही ठेवतो."

त्यांच्यासमोर इतकं सरळ मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चहा घ्या," म्हणाले. मी घेतला. मग शिडी घेऊन फाटकावरचा फ्लेक्स स्वतः उतरवला. आप्पासाहेबांचा चेहरा दुमडला जाऊ नये एवढी काळजी घेतली.

२३ सप्टेंबर

सकाळी सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि मैदानाचा नवा नियम सांगितला. दुखणं लपवणाऱ्याला मैदानावर जागा नाही. ज्याला दुखतंय त्याने आत्ताच्या आत्ता हात वर करावा.

मला वाटलं एखादा हात येईल. अर्धी रांग वर! कोणाची टाच, कोणाचा खांदा, एका पोराची तर पाठ सहा महिने दुखतेय, आणि तो माझ्याकडे वजनं उचलतोय. हे माझं मैदान आहे की दवाखाना?

मॅडम एकेकाला बाजूला घेऊन तपासत होत्या. दुपार झाली. मी छत्री धरून उभा राहिलो, ऊन फार होतं.

१२ ऑक्टोबर

विभागीय स्पर्धेचा निकाल आला. सृष्टीच्या नेहमीच्या फेकीपेक्षा कमी अंतरावर एक मुलगी पहिली आली. सृष्टीला सांगायचं की नाही, याचा विचार करत होतो, तर तिनेच मोबाईलवर दाखवलं. "पाहिलं का सर?" आणि खाली बसून डाव्या पायाच्या कसरती सुरू केल्या. आज मी मोजत होतो तर म्हणाली, "मोजू नका सर, मी फसवत न्हाई."

९ नोव्हेंबर

कारखाना सुरू झाला. मैदानाशेजारच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात, धूळ उडते, मॅडमना सतत कॅमेरे पुसावे लागतात.

आज पोरांनी आग्रह केला म्हणून मी काळ्या पाटीवर उडी मारली. दोन्ही पाय सारखेच निघाले. सारखेच कच्चे, असं मॅडम म्हणाल्या. पोरं इतकी हसली की मी पुन्हा मारली. मग उजवा गुडघा दुखायला लागला. नियम माझाच असल्याने हात वर करावा लागला. आता रोज सकाळी मलाही कसरत आहे. सौ. म्हणते, चाल सुधारली.

१४ डिसेंबर

सृष्टी पुन्हा भाला हातात घेते आहे. हलक्या फेकी, ठरवलेल्या तेवढ्याच, आणि दर वेळी कोपर कसं आहे ते तिने स्वतः सांगायचं. पहिल्या दिवशी "बरं हाय" एवढंच म्हणाली. मॅडमनी विचारलं, बरं म्हणजे कसं? आता नीट सांगते. कुठे ओढलं, कधी थांबलं.

धावेबाबत एक निर्णय मी घेतला. मॅडम दोन आठवडे तेच तेच विचारत होत्या, "धाव लहान केली तर काय होईल, सर?" त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मीच ठरवलं, धाव लहान करायची. वेग कमी, पण डावा पाय नीट रोवता येतो.

आणि आज तो रोवला गेला. मी कडेला उभा होतो. पाय टेकल्याचा आवाज आला, खुंटी ठोकल्यासारखा, गुडघा ताठ, आणि सृष्टीचं सगळं अंग त्या पायावरून पुढे गेलं. हात शेवटी आला, सहज. भाला तिने फेकला असं वाटलंच नाही. गेला आपला.

ती वळून ओरडली, "सर, काहीच जोर लावला न्हाई मी!"

अंतर मोजलं नाही. मॅडमनी टेप पुढे केली होती, मी नको म्हटलं. त्यांनी टेप लगेच गुंडाळून ठेवली, जणू त्यांनाही तेच हवं होतं.

११ जानेवारी

राहात्याला क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यात मला बोलायला सांगितलं होतं. भालाफेकीत डाव्या पायाचं महत्त्व, कोपराचा लिगामेंट, दुखणं सांगण्याची सवय, सगळं सांगितलं. टाळ्या चांगल्या पडल्या. एकाने विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, मैदानावर. मागच्या रांगेत मॅडम बसल्या होत्या. हसल्या. अभिमान वाटला असणार.

मग मी म्हटलं, "आणि यांच्याकडून." त्यांना उभं राहायला लावलं. त्या एकदम लाजल्या. इतक्या शिकलेल्या बाईने लाजावं म्हणजे नवल.

२५ जानेवारी

नगरला निमंत्रितांची स्पर्धा. राज्यातल्या सगळ्या चांगल्या मुली आल्या होत्या, विभागीय जिंकलेलीही. इथली कामगिरी राष्ट्रीय शिबिराच्या निवडीसाठी पाहणार, असं सांगितलं होतं. आप्पासाहेब पहिल्या रांगेत. गोरक्षनाथ नवी टोपी घालून सर्वांत मागे, कारण पुढून त्यांना बघवत नाही.

पहिल्या फेकीत सृष्टी चौथी. दुसरी बाद. मी काही बोललो नाही, हे मला फार जड गेलं. तिसऱ्या फेकीला डावा पाय रोवला आणि भाला असा गेला की पंचाला चार पावलं मागे सरकावं लागलं. मागच्या सप्टेंबरच्या त्या रविवारपेक्षाही लांब. पहिला नंबर! आप्पासाहेब शेजाऱ्यांना सांगत होते, आमची मुलगी.

पाचव्या फेरीत साताऱ्याच्या एका उंच मुलीने तिला वीतभर मागे टाकलं. आता एकच फेक उरलेली. सृष्टी अंगातली ऊब जाऊ नये म्हणून येरझारा घालत होती. मग कठड्याजवळ आली.

"सर."

"बोल."

"पाचवीला आत चमकलं. थोडंच. मी टाकू शकते. पन तुमाला सांगते."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या तिथेच बसून होत्या. त्यांनी मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. मागे गोरक्षनाथ उभे राहिले होते, त्यांना काही ऐकू गेलं नसणार.

मी सृष्टीचा हात हातात घेऊन कोपर दाबलं. ती डोळे न मिटता म्हणाली, "इथं." लपवलं नाही.

"जॅकेट घाल," मी म्हटलं.

"सर, वीतभरच हाय."

"घाल."

तिने पंचाकडे जाऊन सहावी फेक सोडून दिली. आप्पासाहेब खाली आले, काय झालं, काय झालं करत. मी त्यांना लिगामेंट समजावून सांगायला लागलो. बक्षीस समारंभ सुरू होईपर्यंत सांगत होतो. सृष्टी दुसरी आली.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाला सृष्टी आली नाही, मीच नको सांगितलं होतं. मॅडमनी घरी जाऊन तपासलं. सूज नाही, थोडा ताण आहे, आठवडाभराने पुन्हा बघू म्हणाल्या. शिबिराची यादी पुढच्या महिन्यात येईल. तिचं नाव असेल. आजवरची माझी प्रत्येक खात्री खरी ठरली असं नाही, पण ही ठरेल.

काल परतताना ती गाडीत रुसून बसली होती. पदक खिशात कोंबलेलं, चेहरा खिडकीकडे. गोरक्षनाथांनी भेळ घेतली, ती खाल्ली नाही. राहुरी फॅक्टरीजवळ ट्रॉल्यांच्या मागे अडकलो तेव्हा एकदम बोलली, "मी टाकली असती तर जिंकले असते."

"जिंकली असतीस," मी म्हटलं.

तिला वाटलं होतं मी समजूत घालीन. ती माझ्याकडे वळली.

"मंग का थांबवलं?"

"तू सांगितलंस म्हणून."

ट्रॉल्या पुढे सरकल्या. देवळाली येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. गोरक्षनाथ मागे वळून हळूच म्हणाले, "उठवू का सर? तुमचा हात अवघडला आसंल." अवघडला होता. मी त्यांना तसं सांगितलं, आणि म्हटलं, राहू द्या, घर आल्यावर उठवू.